नळी की खटका

माझ्या आत्याने वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा पाण्याखाली डोकं घातलं. हे ऐकून बंदरावरचे लोक आधी हसले आणि मग विचारात पडले. एकवीस वर्षं त्या सगळ्यांची बुडी मारायची जॅकेटं, तोंडात धरून श्वास घ्यायचे रेग्युलेटर आणि नळ्या दुरुस्त करून देणारी तीच होती. तिच्या हातून गेलेलं सामान अंगावर चढवून शेकडो माणसं समुद्राचा तळ बघून आली होती. ती स्वतः मात्र समुद्रात गुडघाभर पाण्यापलीकडे कधी गेली नव्हती.

धक्क्याच्या मागे बुडी शिकवणारी शाळा आहे. माझे बाबा तिथे तीस वर्षं शिक्षक, आणि गेली सहा वर्षं मीही तिथेच शिकवते. शाळेला लागून असलेली एक लांबट खोली म्हणजे आत्याचं दुकान. भिंतीवर ओळीने जॅकेटं टांगलेली, कोपऱ्यात गळती बघायची पाण्याची टाकी, टेबलावर स्प्रिंगा आणि रबरी कड्यांचे डबे. मिठाचे थर काढायला ती व्हिनेगर वापरते, त्यामुळे खोलीत कायम लोणच्याच्या बरणीत शिरल्यासारखा वास. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. मी लहानपणी तिला आत्या म्हणायचे म्हणून शाळेतले सगळेच तिला आत्या म्हणू लागले, अगदी तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले बोटवालेसुद्धा.

ती पाण्यात का उतरली नाही, याचं कारण अगदी साधं होतं. बाबा तरुणपणी बुडी शिकायला लागले तेव्हा माझी आजी म्हणाली होती, "घरातलं एक पोर पाण्यात गेलं तेवढं पुरे." आत्याने ते ऐकलं. मग वर्षं गेली, आजी गेली, आणि तोवर आत्याचं नाव एवढं झालं होतं की, 'मला तलावात डोकं वर ठेवून पोहण्यापुढे काही येत नाही' असं सांगायची तिला लाज वाटू लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, "डॉक्टरला काय प्रत्येक आजार व्हावा लागतो?" आणि विषय तिथेच संपायचा.

सगळं सुरू झालं ते बाबांच्या खांद्यापासून. धक्क्याच्या ओल्या पायऱ्यांवरून ते पाठीवरच्या सिलिंडरसकट घसरले आणि डावा खांदा मोडला. ऑपरेशन झालं, चार महिने व्यायाम झाले. पण हात छातीच्या वर काही जाईना. डॉक्टर म्हणाले, "पाण्यात जायला माझी हरकत नाही. पण हा हात आता एवढाच."

आता हा हात एवढा महत्त्वाचा का, ते सांगायला हवं. बुडी मारणाऱ्याच्या अंगातल्या जॅकेटमध्ये हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. नेहमीच्या जॅकेटला डाव्या खांद्यावरून एक सुरकुत्यांची जाड नळी खाली लोंबते. तिच्या टोकाला दोन बटणं असतात, एक हवा भरायचं आणि एक सोडायचं. पण हवा वरच्या दिशेनेच पळते, म्हणून ती सोडताना नळीचं टोक डोक्यावर धरावं लागतं. बाबांना नेमकं तेच जमत नव्हतं. उजव्या खांद्यावर हवा सोडायची एक दोरी असते, तिने काम भागतं. पण शिक्षकाच्या उजव्या हातात बहुतेक वेळा शिकणाऱ्याचा हात असतो.

शाळेच्या मालकीणबाईंनी बाबांना समोर बसवून सांगितलं, "तुम्ही शाळेच्या पोहण्याच्या तलावात सगळं नीट करून दाखवलंत की दुसऱ्या दिवसापासून शिकवा. तोवर मी कुणाचा जीव तुमच्या हाती देऊ शकत नाही. तुमचाही नाही." त्यांचं काही चुकलं नव्हतं. बाबांनी मान डोलावली, घरी आले आणि दोन दिवस खिडकीपाशी बसून राहिले. बोलक्या माणसाच्या तोंडाला कुलूप लागलं की घर किती मोठं वाटतं, ते मला तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात एका कंपनीचा माणूस नव्या पद्धतीचं जॅकेट घेऊन आला. त्याला लोंबती नळीच नव्हती. डाव्या कुशीला, कमरेच्या जरा वर, एक चपटी डबी आणि तिला अंगठ्याएवढा खटका. वर केला की हवा भरते, खाली दाबला की सुटते. आतल्या तारा जॅकेटची वरची-खालची सगळी तोंडं एकदम उघडतात, त्यामुळे माणूस आडवा असो की उलटा, हवा वाट शोधतेच. कोपर वाकवलं की हात पोचतो. बाबांनी ते अंगात घातलं, खटका दोनदा वर-खाली केला, आणि कितीतरी दिवसांनी हसले.

आत्याने मात्र जॅकेट टेबलावर उपडं घातलं. "याचं पोट उघडून दाखवा," ती कंपनीच्या माणसाला म्हणाली.

"ते इथे उघडत नाहीत, मॅडम. बिघडलं तर आमच्या केंद्रात पाठवायचं. तीन आठवड्यांत परत येतं."

"आणि तीन आठवडे आमचा दादा काय गालात हवा भरून पोहणार?"

तो माणूस जॅकेट पारखायला ठेवून गेल्यावर भावंडांची जुंपली. आत्याचं म्हणणं, जे मला उघडता येत नाही ते मी माझ्या भावाच्या अंगावर चढवणार नाही. नळीच्या टोकाचा बटणांचा भाग, इन्फ्लेटर, पाच मिनिटांत उघडतो, सुटे भाग कुठेही मिळतात, आणि मुख्य म्हणजे पाण्यात कुणाला मदत लागली तर जगातला कुठलाही पाणबुड्या डोळे मिटून डाव्या खांद्यावर हात घालतो. तिथे नळीच नसेल तर तो काय करेल?

बाबा म्हणाले, "धाकटे, मला मदत नको आहे, मला माझं काम हवं आहे."

"काम जिवापेक्षा मोठं नाही, दादा."

"पाण्यातलं तुला काय कळतं? तू एकदा तरी खाली गेली आहेस का?"

बाबांना लगेच कळलं की बाण सुटला. आत्याने भिंग गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं, दिवा मालवला आणि भर दुपारी दुकानाला कुलूप लावून निघून गेली.

तीन दिवस ती आली नाही. मी दोनदा घरी जाऊन आले. दार उघडायची, चहा द्यायची आणि हवापाण्याच्या गप्पा मारायची. चौथ्या दिवशी सकाळी सातला तलावाच्या काठावर मी येऊन बघते तर ही बाकावर बसलेली. अंगात पोहण्याचे कपडे, वर टॉवेल, आणि चेहऱ्यावर दाताच्या डॉक्टरकडे आलेल्या माणसाचा भाव.

"शिकव," म्हणाली. "दादाचं बोलणं खरं आहे. पण त्याला सांगू नकोस की मी असं म्हणाले."

माझ्या सहा वर्षांत मला इतकी जाणकार आणि इतकी अडाणी विद्यार्थिनी मिळाली नव्हती. काठावर बसून तिने मलाच तिच्या जॅकेटमधल्या स्प्रिंगेचा ताण किती असावा ते समजावलं, आणि पाण्यात उतरल्यावर पहिल्याच मिनिटाला हवा सोडायच्या ऐवजी भरायचं बटण दाबलं. बुचासारखी वर आली. तोंडातून रेग्युलेटर काढून ओरडली, "एकवीस वर्षं या बटणाची सेवा करतेय मी, आणि आज मेलं मला ओळख देत नाही!" मला इतकं हसू आलं की माझ्या डोळ्यांवरच्या मुखवट्यात पाणी शिरलं.

पण ती चिकाटीची. आठवड्यातून तीन दिवस सकाळी येत राहिली. महिनाभरात तळापासून वीतभर वर, न हलता, तरंगत राहायला शिकली. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा पाच मिनिटं तशीच राहिली. वर आल्यावर म्हणाली, "किती शांत असतं गं खाली. मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"आम्हाला वाटलं तुला माहीत असेल, आत्या."

मग तिने खरी परीक्षा सुरू केली. पट्ट्याने स्वतःचा डावा दंड छातीशी बांधून घेतला, बाबांचा हात जेवढा हलतो तेवढाच हलेल असा. आधी नळीचं जॅकेट घातलं. उजव्या हाताने दोरी ओढून हवा सुटली. पण मी शिकणारी होऊन तिचा उजवा हात गच्च धरला आणि ती फसली. माझा हात सोडावा, नाहीतर वर जावं. तिसऱ्यांदा वर आल्यावर ती काठाला धरून म्हणाली, "दादा रोज हा विचार करत बसला असेल खिडकीत." त्यानंतर खटक्याचं जॅकेट. बांधलेल्या हातानेही अंगठा सहज पोचला. उभी, आडवी, डोकं खाली पाय वर, सगळ्या तऱ्हा करून बघितल्या. हवा दर वेळी सुटली.

तरी तिचं समाधान अर्धंच होतं. माझ्या मुखवट्यावर तिने काळा कागद लावला आणि म्हणाली, "आता मी बेशुद्ध आहे. माझं जॅकेट भर." मी सवयीने तिच्या डाव्या खांद्यावर चाचपत राहिले. हात तिच्या कुशीपर्यंत यायला मला वीस सेकंद लागले, आणि मी तर रोज पाण्यात असणारी. वर आल्यावर ती ओरडली नाही. "बघ," एवढंच म्हणाली. तोंडाने हवा भरायची छोटी नळी खिशात दुमडून ठेवलेली असते, ती शोधायलाही तेवढाच वेळ गेला.

एक गोष्ट उरली होती, ती म्हणजे पोट उघडणं. तिने कंपनीला पत्रामागून पत्रं लिहिली. शेवटी त्यांनी कंटाळून म्हणा की कौतुकाने म्हणा, तिला त्यांच्या दुरुस्तीच्या चार दिवसांच्या वर्गाला बोलावलं. पंचविशीतल्या तंत्रज्ञांच्या रांगेत ही भिंग लावून बसली. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, आवाज एकदम तरुण.

"अगं, आत दोन तारा आणि चार झडपा! एवढंच! पण काय डोकं लावलंय करणाऱ्याने. मी उगाच त्याला शिव्या घालत होते."

"म्हणजे चांगलं आहे?"

"चांगलं आहे, पण लाडावलेलं आहे. वाळूचा एक कण खटक्याखाली बसला की रुसतं. रोज गोड्या पाण्याखाली धरून दहा वेळा वर-खाली करायला हवं. दादाच्या मागे लागावं लागेल."

परत आल्यावर तिने बाबांना दुकानात बोलावलं. दोघं अजून धड बोलत नव्हते. तिच्या शिकण्याची कुणकुण बाबांना लागली होती, पण विचारायचा धीर होत नव्हता. तिने खटक्याचं जॅकेट त्यांच्यापुढे ठेवलं. कुशीवर, खटक्याच्या वर, तिने भडक पिवळं कापड शिवलं होतं, आणि सिलिंडरकडून येणारी हवेची नळी जिथे जोडली जाते त्या कडीला तसलीच पिवळी फीत.

"तुझ्यासाठी हे," ती म्हणाली. "पण तुझ्याबरोबर जो उतरेल त्याने आधी तलावात हे डोळे मिटून शोधून दाखवायचं. शाळेच्या मुलांना मात्र नळीचीच. शिकताना हवा कुठून कुठे जाते ते हाताला कळायला हवं. आणि मला पण नळीचंच. माझा हात त्यावर बसलाय."

बाबा जॅकेटकडे बघत राहिले. "धाकटे, मी त्या दिवशी…"

"तू बरोबर बोललास. फार वाईट बोललास, पण बरोबर बोललास. घाल आता, पट्टे बघू दे."

बाबांनी तलावातली परीक्षा एका झटक्यात पार केली. मालकीणबाई पूर्ण वेळ काठावर उभ्या होत्या. शेवटी त्यांनी टाळी वाजवली नाही, पण वेळापत्रकाच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने बाबांचं नाव लिहिलं.

खरी कसोटी लागली ती पुढच्या महिन्यात, समुद्रात. बाबांची पहिली विद्यार्थिनी होत्या टपालकाकू, टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या, हौशी आणि जरा भित्र्या. त्यांच्याकडे धाकट्या बहिणीने दिलेलं नळीचं जॅकेट होतं, बरीच वर्षं माळ्यावर पडलेलं. आत्याने ते धुऊन, तपासून पास केलं होतं. बरोबर मी होते आणि आत्याही होती. तिची ती समुद्रातली पाचवी बुडी.

सहा मीटर खोल आम्ही खडकांच्या कडेने चाललो होतो. काकूंनी जरा हवा भरली, आणि बटण आत गेलं ते बाहेरच आलं नाही. फस्स असा आवाज सुरू झाला. जॅकेट फुगत चाललं आणि काकू वर जाऊ लागल्या. डोळे एवढे मोठे. घाबरून श्वास रोखला, आणि वर जाताना श्वास रोखण्याइतकं वाईट काही नाही; आतली हवा फुगत जाऊन फुप्फुसं फाटू शकतात.

बाबांनी उजव्या हाताने त्यांचा पट्टा पकडला आणि तेही बरोबर ओढले जाऊ लागले. मी दोन हात लांब होते. मला दिसलं ते असं: बाबा तिरपे झालेले, जवळजवळ आडवे, उजवा हात काकूंच्या पट्ट्यात, तोंडाजवळ तोंड नेऊन 'सोडा, श्वास सोडा' अशा खुणा डोळ्यांनी करताहेत, आणि डावा अंगठा खटक्यावर. त्यांच्या जॅकेटमधली सगळी हवा बुडबुड्यांच्या दोन रांगा होऊन निघून गेली आणि ते काकूंच्या अंगावर वजनासारखे लटकले. वर जाण्याचा वेग मंदावला. काकूंच्या तोंडातून बुडबुडे निघाले. श्वास सुटला होता.

तेवढ्यात माझ्या शेजारून आत्या गेली. घाई नाही, गडबड नाही. तिने काकूंच्या इन्फ्लेटरला हात घातला, जोडाची कडी मागे ओढली आणि हवा आणणारी नळी खटकन काढून टाकली. फस्स थांबलं. मग तिने काकूंची सुरकुत्यांची नळी डोक्यावर धरली आणि दुसरं बटण दाबलं. तिघं तीन मीटरवर थांबली, एकमेकांना धरून. माझ्या जिवात जीव आला तेव्हा कळलं की मी अजून हात पुढे केलेलाच होता.

बोटीवर काकू रडल्या, मग हसल्या, मग पाणी मागितलं. आत्या मात्र पांढरीफटक पडली होती. ती काकूंसमोर गुडघ्यावर बसली.

"हे जॅकेट मी पास केलं होतं," ती म्हणाली. "टेबलावर दहा वेळा दाबून बघितलं. चूक माझी आहे."

बाबा म्हणाले, "अगं, कुणाचंही…"

"नाही दादा, मधे बोलू नकोस."

दुपारी तिने सगळ्यांना दुकानात बोलावलं आणि सर्वांदेखत तो इन्फ्लेटर उघडला. बटणाच्या दांडीच्या अगदी मुळाशी मिठाचा एक पांढरा खडा होता, मोहरीहून लहान. पाण्यात बटण दाबलं तेव्हा जागचा हलून तो तिथल्या स्प्रिंगेच्या वेटोळ्यात अडकला होता. भिंगाखालून सगळ्यांनी एकेक करून बघितलं, काकूंनी सगळ्यात जास्त वेळ.

"एवढ्याशाने?" त्या म्हणाल्या.

"एवढ्याशानेच," आत्या म्हणाली. "ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा, त्यानेच हिसका दाखवला. सोपं आहे म्हणून मी ते पूर्ण उघडलंच नाही. खटक्याला नावं ठेवण्यात माझी सगळी अक्कल खर्च झाली होती."

त्या दिवसापासून तिचा नियम बदलला. नळी असो की खटका, जुनं असो की कालचं, प्रत्येक इन्फ्लेटर पूर्ण सुटा होतो, आणि टेबलावर पास झाला तरी तिच्या अंगावर चढून तलावात उतरल्याशिवाय बाहेर जात नाही. लोक कुरकुरतात, कारण एक दिवस जास्त लागतो. आत्या म्हणते, थांबा.

शनिवारी सकाळी तलावावर तिचा वर्गही भरतो. कुठलं जॅकेट घ्यावं, असं विचारणाऱ्यांना ती उत्तर देत नाही. दोन्ही अंगावर चढवते, पाण्यात सोडते आणि मग प्रश्न विचारत बसते. हात किती वर जातो? बोटांत जोर आहे का? कुणाबरोबर उतरता? दुरुस्तीची सोय किती लांब आहे? संधिवाताने बोटं वाकलेल्या एका नर्सबाईंनी खटका घेतला. सतत दूर-दूरच्या बेटांवर जाणाऱ्या एका जोडप्याने नळी घेतली. एक सुतार दोन्ही नाकारून गेला आणि पुढच्या शनिवारी परत आला.

टपालकाकू तीन आठवडे आल्या नाहीत. आम्ही समजलो, आता त्या काही येत नाहीत. चौथ्या आठवड्यात त्या दुकानाच्या दारात उभ्या, हातात तेच जॅकेट.

"आत्या, मला हे उघडायला शिकवा," त्या म्हणाल्या. "उघडता आलं की मग मी उतरेन."

आत्याने दुसरं स्टूल पुढे ओढलं. दोघी दुपारभर टेबलावर वाकून बसल्या होत्या. बाबा दोनदा बोलवायला आले, वर्गाची वेळ होत आली होती, आणि दोन्ही वेळा आत्याने मान वर न करता सांगितलं, "जरा थांब दादा, काकूंची स्प्रिंग बसतेय."